नॉइझखालची शांतता

अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ नॅनोसेकंदभराच्या स्पंदांवर चालतो. स्पंद जितका आखूड, तितकी त्याची शक्ती रुंद पट्ट्यात पसरते. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००२ मध्ये अशा उपकरणांना ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला केला. मुख्य अट अशी की दर मेगाहर्ट्झला सरासरी शक्ती उणे ४१.३ डीबीएमच्या, म्हणजे सुमारे ७४ नॅनोवॅटच्या, वर जाऊ नये. घरगुती कम्प्युटरमधून नकळत गळणाऱ्या लहरींनाही एवढीच मुभा आहे. यावरूनच पूर्वपक्ष उभा राहतो : हा संकेत नॉइझमध्येच बुडालेला, मग चाचण्या आणि प्रमाणपत्रांचा सोपस्कार कशाला?

हा युक्तिवाद साध्या हिशेबात टिकत नाही. नेहमीच्या तापमानाला औष्णिक नॉइझ मेगाहर्ट्झमागे उणे ११४ डीबीएम असतो. जीपीएसच्या १,५७५ मेगाहर्ट्झवर त्याच ७४ नॅनोवॅटची मोकळीक दिली, तर तीन मीटरवर साधारण उणे ८७ डीबीएम पोहोचतील, नॉइझच्या सुमारे ५०० पट. उपग्रहाचा संकेत तर जमिनीवर येईपर्यंत उणे १३०च्या आसपास क्षीण झालेला असतो. म्हणून ९६० ते १,६१० मेगाहर्ट्झमध्ये घरातल्या व हातातल्या उपकरणांना उणे ७५.३ची मर्यादा आहे. तीच तीन मीटरवर नॉइझखाली जाते. ज्या शांततेचा दाखला देऊन नियम नको म्हटले जाते, ती नियमानेच आणलेली आहे.

सरासरीतही एक मेख आहे. स्पंद घड्याळाच्या ठोक्यासारखे समान अंतराने सुटले, की शक्ती मोजक्या टोकदार रेषांत गोळा होते. मेगाहर्ट्झभर रुंद खिडकीतून हा टोकदारपणा कळत नाही. म्हणून जीपीएसच्या पट्ट्यांत एका किलोहर्ट्झच्या खिडकीतून वेगळे मोजमाप होते. तिथे मर्यादा उणे ८५.३. स्पंदांच्या वेळा थोड्या विस्कटल्या की रेषा विरतात.

उद्योगाची तक्रार मात्र सगळीच पोकळ नव्हती. फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारणारे उपकरण मूळ पद्धतीत उड्या थांबवून मोजावे लागे. प्रत्यक्षात ते तसे कधी चालतच नाही. २००५ मध्ये कमिशनने चालू स्थितीतल्या मोजणीला सूट दिली. शक्तीची मर्यादा तशीच राहिली.

चाचणी मात्र कागदी नसते. इतक्या क्षीण पातळीला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरचा स्वतःचाच नॉइझ संकेत गिळतो. मग अँटेना मीटरभरावर आणून मध्ये कमी नॉइझचा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागतो. तोवर कोऱ्या पडद्यावरून फक्त यंत्राला ऐकू येत नाही, एवढेच सिद्ध होते.