निविदेत ‘एक्सएपीआय’ लिहून भागत नाही

‘स्कॉर्म २००१ सालचे, ते मेले. एलटीआय म्हणजे नुसते लॉगिन. निविदेत एकच अट घाला: सॉफ्टवेअर एक्सएपीआय पाळणारे हवे.’ एका सल्लागार महाशयांनी महाविद्यालयांना हा सल्ला दिला आहे आणि खरेदी समित्या तो मुकाट्याने उतरवून घेत आहेत. सल्ला चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड शिक्षक-विद्यार्थ्यांना पडणार आहे.

ही तिन्ही ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरची मानके: स्कॉर्म धडे एलएमएसवर (अध्ययन व्यवस्थापन प्रणालीवर) चालवण्याचे, एलटीआय बाहेरची साधने तिला जोडण्याचे, एक्सएपीआय शिकण्याच्या नोंदींचे. एक्सएपीआय नेमके काय करते? ‘अमक्याने अमुक चाचणी पूर्ण केली’ अशी विधाने एलआरएस नावाच्या नोंदसाठ्यात जमा करते. सोय चांगली आहे. मोबाइलवरचा सराव, प्रयोगशाळेतले काम, सारे त्यात मावते. पण एलएमएसमधून धडा उघडायचा कसा, उघडणारा विद्यार्थी कोण हे धड्याला कळवायचे कसे, मिळालेले गुण ग्रेडबुकात उतरवायचे कसे, याबद्दल मूळ एक्सएपीआय गप्प आहे. ते प्रत्येक कंपनी आपापल्या परीने जमवते. एक पुरवठादार विद्यार्थ्याची ओळख ईमेलने पाठवतो, दुसरा खातेक्रमांकाने. दोन्हींची सांगड कोणी घातली नाही, तर एलआरएसच्या लेखी ती दोन माणसे. एकाच कृतीला एक ‘कम्प्लिटेड’ हे क्रियापद लावतो, दुसरा ‘फिनिश्ड’. दोघेही नियमात बसतात. पण ‘कम्प्लिटेड’ शोधून अहवाल काढला की दुसऱ्याच्या धड्यांवर कोणीच काही पूर्ण केलेले दिसत नाही. मग शिक्षकांनी एक्सेलमध्ये नावे जुळवत बसायचे. ही पोकळी भरायलाच २०१६ साली सीएमआय५ आले. ते एक्सएपीआयवरच बेतलेले आहे, पण धडा सुरू करण्याची रीत आणि नऊ क्रियापदे बांधून देते. महाशयांच्या सल्ल्यात त्याचे नावही नाही. ज्यांना अडचणच दिसली नाही, त्यांच्या उपायावर महाविद्यालयाने पैसे का घालावेत?

एलटीआय ‘नुसते लॉगिन’ हेही खोटे, १.३ आवृत्तीच्या जोडसेवांतून गुण परत येतात आणि वर्गाची यादीही मिळते.

स्कॉर्मचा असा मृत्युलेख पूर्वीही लिहून झाला आहे. स्कॉर्म २००४ आले तेव्हा १.२ ची सद्दी संपली म्हणून हीच घाई झाली होती. धड्यांचा क्रम ठरवणारे नव्या आवृत्तीचे नियम फार किचकट निघाले. मूडल या एलएमएसमध्ये आजही १.२ चालते, २००४ ला तिथे पूर्ण आधार नाही.

१.२ मध्ये दोष आहेतच. विद्यार्थी कुठे थांबला ही खूण ठेवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा; लांब धड्यात ती संपली की खूण अर्धवट राहते आणि त्याला मागून सुरुवात करावी लागते. ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ही एकाच रकान्यात कोंबावे लागतात. पण चार पानांचा मजकूर आणि दहा प्रश्न यांना तेवढे पुरते.

तेव्हा बाहेरचे साधन एलएमएसला जोडायचे तर एलटीआय १.३ मागा. विकतचे साधे धडे स्कॉर्म १.२ मध्ये घ्या. एलएमएसबाहेरच्या सरावाची नोंद हवी असेल तर एक्सएपीआय जरूर घ्या, मात्र क्रियापदांची यादी आणि ओळखीची पद्धत निविदेतच लिहा.

आणि समितीतल्या प्राध्यापकांनो, सही करण्याआधी पुरवठादाराला तुमच्याच एलएमएसवर एक चाचणी सोडवून दाखवायला सांगा. गुण ग्रेडबुकात दिसले नाहीत, तर सही करू नका.