ओढ्याच्या मागें जाऊं नये

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या मित्रांसह सह्याद्रीच्या रानांत जाण्यास निघाला, तेव्हां घरांतील सर्वांनाच काळजी वाटली. आमच्या वडिलांनीं त्याला उपदेश केला, "वाट चुकलास तर ओढ्याच्या कांठानें खालीं उतर, गांव आपोआप लागेल." उपदेश मायेचा खरा, पण घाटमाथ्यावर तो जिवावर बेतणारा आहे. कोंकणाकडे वाहणारा ओढा पुष्कळदां सरळ कड्यावरून कोसळतो. त्याच्या मागें गेलेल्यास पुढें उतरतां येत नाहीं आणि निसरड्या कातळावरून परत चढतांहि येत नाहीं.

हा धोका नकाशा आधींच सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा त्यावर साधारणतः २० मीटरच्या अंतरानें काढलेल्या असतात. रेषा विरळ तेथें पठार, दाट तेथें चढ, एकमेकींस चिकटल्या तेथें कडा. रेषांचें टोंक चढाकडे वळलें तर घळ, उताराकडे वळलें तर डोंगराची सोंड. ओढ्याची निळी रेघ चिकटलेल्या रेषांत शिरतांना दिसली कीं तो ओढा वर्ज्य समजावा.

होकायंत्रानें उत्तर दिशा जुळवून नकाशा मांडावा. मग ओळखीच्या दोन शिखरांच्या दिशा मोजाव्या. भंडारदऱ्याच्या परिसरांत कळसूबाई आणि रतनगड घ्यावे. त्या शिखरांपासून उलट दिशेनें ओढलेल्या रेघा मिळतात, तेथें आपण उभे असतों. मात्र हें वाट चुकल्यावर नव्हे, वाट ठाऊक असतांनाच वारंवार करावें. धुकें उतरलें कीं शिखरें दिसेनाशीं होतात, मोबाईलची बॅटरीहि संपते. अशा वेळीं ओळखलेल्या शेवटच्या खुणेपर्यंत माघार घेण्यांत कमीपणा नाहीं.

पुतण्यास आम्हीं अडविलें नाहीं. दोन रात्री ओसरीवर नकाशा पसरून त्याचा अभ्यास करून घेतला. तिसऱ्या रात्रीं वडिलांनींच एका निळ्या रेघेवर बोट ठेवून विचारलें, "येथून उतरशील काय रे?"

"नाहीं आजोबा, पुढें कडा आहे."

वडिलांनीं चष्मा काढला आणि जाण्यास अनुज्ञा दिली. वाचकहो, आपल्या घरींहि मुलांना मना करण्यापूर्वीं एवढा एक प्रश्न विचारून पहावा.