फ्रान्सची सर्वांत लांब सीमा ब्राझीलशी? हॉकी आपला राष्ट्रीय खेळ? यातलं खरं काय, खोटं काय?

‘तुम्हाला माहीत आहे का?’ असं म्हणत येणारे मेसेज सोशल मीडियावर रोज दिसतात. काही खरे असतात, काही धादांत खोटे. अडचण अशी की जे खरं असतं ते अनेकदा थापेसारखं वाटतं आणि जे खोटं असतं ते आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो. खालची सहा विधानं वाचा आणि उत्तरं बघण्याआधी मनाशी ‘खरं’ की ‘खोटं’ ते ठरवा.

१. फ्रान्सची जमिनीवरची सर्वांत लांब सीमा ब्राझीलशी आहे.
२. चीनची भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते.
३. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो.
४. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे.
५. क्लिओपात्राचा काळ पिरॅमिडच्या बांधणीपेक्षा माणसाच्या चंद्रावरील पावलाला जवळचा आहे.
६. हिंदी ही भारताची राष्ट्रभाषा आहे.

उत्तर: १, ३ आणि ५ खरी आहेत. २, ४ आणि ६ खोटी आहेत.

खरं, पण थापेसारखं वाटणारं

दक्षिण अमेरिकेतला फ्रेंच गयाना ही फ्रान्सची वसाहत नव्हे, तर फ्रान्सचाच एक भाग आहे. तिथे युरो चालतो. त्याची ब्राझीलशी असलेली सीमा सुमारे ७३० किलोमीटर लांब आहे. स्पेनशी असलेली सीमा त्याहून साधारण १०० किलोमीटरने कमी भरते.

शुक्राला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीवरचे सुमारे २४३ दिवस लागतात, तर सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५. मात्र इथे ‘दिवस’ म्हणजे नेमकं काय, हे महत्त्वाचं. शुक्र उलट दिशेने फिरतो. त्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून दुसरा सूर्योदय सुमारे ११७ दिवसांतच होतो. म्हणजे विधान खरं, पण अट लागू!

गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६० च्या आसपास उभा राहिला. क्लिओपात्राचा मृत्यू इसवी सनापूर्वी ३० मध्ये झाला आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. पहिलं अंतर सुमारे २,५०० वर्षांचं, दुसरं सुमारे २,००० वर्षांचं.

खोटं, पण सगळ्यांना पाठ असलेलं

चीनच्या भिंतीचा दावा माणूस अंतराळात जाण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. भिंत हजारो किलोमीटर लांब असली तरी तिची रुंदी काही मीटरच आहे. चंद्र इथून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनीही परतल्यावर सांगितलं, की आपल्याला भिंत दिसली नाही. ते तर चंद्राच्या मानाने पृथ्वीच्या अगदी जवळ होते.

पुरुष हॉकीत भारताने ऑलिम्पिकची आठ सुवर्णपदकं जिंकली आहेत, म्हणून हा समज घट्ट बसला. पण २०१२ मध्ये माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट केलं होतं, की कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेलं नाही.

भाषेचं काय? राज्यघटनेच्या कलम ३४३ नुसार देवनागरी लिपीतली हिंदी ही केंद्राची ‘राजभाषा’, म्हणजे सरकारी कामकाजाची भाषा आहे. ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. आठव्या परिशिष्टात मराठीसह २२ भाषा आहेत.

या सामान्यज्ञानाने फरक काय पडतो?

पडतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला. जूनमध्ये त्यात बदल झाला आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. तिसरी भाषा कोणती आणि कितवीपासून, यावर दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडता येतात. पण ‘राष्ट्रभाषा आहे, शिकायलाच हवी’ हा मुद्दा मात्र मुळातच चुकीच्या माहितीवर उभा होता.

काही वेळा तर जीव जातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या क्लिपपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या व्हिडिओचा कापलेला तुकडा होता. मूळ व्हिडिओत पळवलेलं मूल लगेच परत आणून सोडलं जातं. तेवढाच भाग कापला गेला होता.

त्यानंतर, जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच चॅटना मेसेज फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. २०२० पासून अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

खोटं आपल्याला पटतं कसं?

एक कारण म्हणजे पुनरावृत्ती. एखादं विधान वारंवार कानावर पडलं की ते अधिक खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं. दुसरं कारण म्हणजे नावीन्य. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. आणि हे काम मुख्यतः बॉट्सचं नव्हतं, माणसांचंच होतं.

मग तपासायचं कोणी?

फेसबुकची मालक कंपनी मेटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी बंद करत असल्याचं जाहीर केलं. भारतात केंद्र सरकारबद्दलची माहिती खरी की खोटी, हे सरकारी कक्षाने ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. कंपनी हात काढून घेते आणि सरकारकडे हा अधिकार देणं धोक्याचं ठरतं, तेव्हा बरीचशी जबाबदारी मेसेज वाचणाऱ्यावरच येते.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हे मूळ कोणी सांगितलं? कधीचं आणि कुठलं आहे? आणि शब्दांचा अर्थ नेमका काय, म्हणजे ‘राजभाषा’ की ‘राष्ट्रभाषा’? मेसेजवर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असेल, तर तो खरा असल्याचा तो पुरावा नव्हे. तो खूप जणांनी पुढे ढकलला आहे, एवढंच त्यातून कळतं.