अंतिम इशारा : केसिंगभोवती सिमेंट भरा

पाणीपुरवठा विभागाच्या अधिकाऱ्यांस,

निवेदने देऊन झाली. स्मरणपत्रेही झाली. तालुक्यातील गावांच्या पाणी समित्यांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय या पत्राने कळवत आहोत.

बोअरचा खड्डा केसिंगपेक्षा रुंद असतो. मधली पोकळी कठीण खडकापर्यंत सिमेंटने भरायची असते. अंदाजपत्रकात ग्राउटिंगचे कलम आहे. मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे. जमिनीत सिमेंट नाही.

नव्या बोअरचा ओटा आम्ही पंचांसमक्ष फोडला. वर मुरूम निघाला, खाली कोंबलेले गोणपाट. ते काढल्यावर केसिंगच्या कडेने सोडलेली तार कुठेही न अडता खाली गेली.

पावसाळ्यात गोठ्याचे आणि गटाराचे पाणी याच फटीतून उतरते. मातीत ते गाळले जात नाही. थेट बोअरमध्ये जाते आणि तिथून आमच्या हंड्यात येते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय आढळताच कामा नये. आमच्या नमुन्यांत आढळला. अहवाल सरकारी प्रयोगशाळेचे आहेत. तुम्ही पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर पाठवली. पावडरीने फट बुजत नाही.

टंचाई होती म्हणून आम्ही काम अडवले नाही. रिगला रस्ता दिला. लेकरांना जुलाब झाले, तरी कार्यालयाला टाळे ठोकले नाही. या संयमाचा तुम्ही चुकीचा अर्थ काढला.

आता ऐका.

पोकळीच्या तळापर्यंत पाईप सोडा आणि सिमेंटची स्लरी खालून वर भरा. वरून ओतलेली स्लरी मध्येच अडकते.

५० किलोच्या पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. पातळ स्लरी आकसते, केसिंग सोडते.

किती पोती लागली, ते पोकळीच्या मापाशी ताडून पाहा. सिमेंट घट्ट होईपर्यंत पुढची खोदाई नको. सारे काम समितीसमोर व्हावे.

सदोष बोअर ठेकेदाराच्या खर्चाने दुरुस्त करून द्या.

मुदत १५ दिवस.

सोळाव्या दिवसापासून आमच्या शिवारात एकही रिग शिरणार नाही. काम पूर्ण झाल्याचा ठराव एकही ग्रामसभा करणार नाही. अहवाल, छायाचित्रे आणि पंचनामे न्यायालयात दाखल होतील. कामावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे त्यात असतील. वकीलपत्रावर आमच्या सह्या झाल्या आहेत.

मुदतवाढ मागू नये. मिळणार नाही.