आधी खिसे बघा!

गेल्या महिन्यात आमच्या घरचं वॉशिंग मशीन अकरा दिवस बंद होतं. खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मला त्याचा पत्ताही नव्हता. सकाळी कॉलेजला निघताना खुंटीला शर्ट असायचा, संध्याकाळी दोरीवरचं वाळलेलं धुणं घडी होऊन कपाटात गेलेलं असायचं. पाचव्या दिवशी सुट्टी होती म्हणून परसात गेलो, तर सौ. दगडावर चादर आपटत होत्या आणि सत्तरी ओलांडलेली आई पाटावर बसून कपडे पिळत होती. सौ.च्या बोटांना भेगा पडल्या होत्या. "मशीन बंद आहे हे मला सांगितलं का नाही?" मी जरा तोऱ्यातच विचारलं. आई मान वर न करता म्हणाली, "सांगून तू काय करणार होतास, बाबा?"

एम.ए.पर्यंत शिकलो, पण या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही.

आमचं मशीन सेमी ऑटोमॅटिक आहे. आपल्या भागात बरीच घरं हेच घेतात, कारण नळाला जोर असो-नसो, बादलीनं पाणी ओतलं तरी ते चालतं. बटन फिरवलं की आतून नुसता 'हूंऽऽ' असा आवाज यायचा, पण तळाची चकती हलायची नाही. मेकॅनिक बोलावला. त्यानं काही न उघडताच निकाल दिला, "मोटर जळाली. साडेतीन हजार होतील." महिनाअखेर होती. सौ. म्हणाल्या, "राहू द्या, बघू."

मग आमच्या मन्नाएखेळ्ळीतच, हायवेला लागून, बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मुलगा आला. माझाच जुना विद्यार्थी. त्यानं आधी पिन काढली, चकतीच्या मधला स्क्रू सोडवला आणि चकती वर उचलली. खाली एक रुपयाचं नाणं, केसांच्या दोन पिना आणि दांड्याला करकचून गुंडाळलेली लेंग्याची नाडी. लेंगा अर्थातच माझा! सौ. आपल्या हुमनाबादी कन्नडमध्ये म्हणाल्या, "मोदल किसे नोड्री!" आधी खिसे बघा. मराठीत खिसा, कन्नडमध्ये किसे. शब्द जवळजवळ एकच, पण धुण्याआधी तो तपासायचं काम दोन्ही भाषांतले नवरे सारखंच विसरतात.

त्या मुलानं चहा घेतला, दीडशे रुपये घेतले आणि जाताना अर्धा तास माझाच वर्ग घेतला. त्यानं शिकवलेलं आणि नंतर मी वाचून, विचारून पडताळलेलं इथे सांगतो.

आधी आवाज ओळखा. मोटर गुणगुणते पण चकती फिरत नाही, तर ताबडतोब बटन बंद करा. अडकलेली मोटर तशीच चालू ठेवली तर आतली तार तापते आणि मग ती खरोखरच जळते. पिन काढून चकती हातानं फिरवून बघा. अडत असेल तर खाली काहीतरी अडकलंय. सहज फिरत असेल आणि तरी मोटर नुसती गुणगुणत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, आपल्या पंख्याचा जातो तसा. मोटरीच्या मानानं तो फारच स्वस्त. पण त्याला स्वतः हात लावू नका. पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. मोटर फिरतेय, चकती थांबलीय आणि रबर जळाल्याचा वास येतोय, तर पट्टा सैल झालाय किंवा झिजलाय.

ड्रायर थडथडत असेल तर घाबरू नका. कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात. ते काढून गोलाकार सारखे रचा, वरून जाळीची चकती दाबून बसवा. मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत ना, तेही बघा. ड्रायर फिरतच नसेल तर आधी त्याचं झाकण पूर्ण बसलंय का ते पाहा. झाकण उघडं असताना फिरू नये म्हणून तिथे मुद्दाम स्विच ठेवलेला असतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपल्या बीदर जिल्ह्यात जमिनीखाली काळा दगड आणि त्यावर जागोजाग तांबडा जांभा. खडकातून झिरपताना बोअरचं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. मराठी शाळेत याला 'दुष्फेन' पाणी म्हणत, ज्यात फेस नीट होत नाही ते. कन्नडमध्ये 'गडसु नीरु'. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी मिळतच नसेल तर 600. पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच मशीनमध्येही बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर ओततो, तिचा साका टबाच्या मागे साठतो आणि धुतलेल्या कपड्यांनाच कुबट वास येतो.

यावर उपाय सोपे आहेत. पावडरीआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकला तर कठीणपणा कमी होतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या टबात कोमट पाणी भरून त्यात शंभर ग्रॅम लिंबाचं सत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड टाका. किराणा दुकानात मिळतं. पाच मिनिटं फिरवा, अर्धा तास तसंच ठेवा, पुन्हा फिरवून पाणी सोडून द्या आणि साध्या पाण्यानं टब धुवा. मात्र त्यात ब्लीचिंग पावडर किंवा कसलंही ब्लीच चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. धाग्यांची जाळी प्रत्येक धुण्यानंतर रिकामी करावी. पाण्याचा पाइप मशीनला जिथे जोडतात तिथेही बारीक जाळी असते. नळ बंद करून ती महिन्यातून एकदा ब्रशनं घासावी. फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये 'पाणीच येत नाही' ही तक्रार पुष्कळदा तिथेच मिटते.

तिसरा मुद्दा विजेचा. तीन पिनांचा प्लग आणि चांगलं अर्थिंग याला पर्याय नाही. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड नको. व्होल्टेज कमी असेल तर मशीन लावूच नका. आणि खालून उंदीर शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाला जाळी बसवून घ्या.

हे सगळं शिकताना मला बीदरजवळची नौबादची करेज आठवली. बहमनी काळातली, पंधराव्या शतकातली. जमिनीखालून पाण्याचा बोगदा आणि त्यावर थोड्या थोड्या अंतरानं उभ्या विहिरी. त्यांतून हवा जायची, पाणी शेंदता यायचं आणि गाळ काढायला माणूस आतही उतरू शकायचा. बांधणाऱ्यानंच उद्याच्या साफसफाईची वाट ठेवली होती. आजच्या यंत्रांत ही वाट दिवसेंदिवस अरुंद होते आहे. एक छोटा भाग बिघडला की सगळा संचच बदला म्हणतात. म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकापर्यंत पोहोचवावेत, हा त्यामागचा हेतू. कुणी भलतंच बिल लावलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कन्नडमध्येही बोलता येतं आणि मराठीतही.

पण हक्क सरकारनं दिला तरी जाळी आपल्यालाच साफ करावी लागते. मशीन थांबतं तेव्हा धुणं थांबत नाही. ते घरातल्या एखाद्या बाईच्या पाठीवर जाऊन पडतं, आणि ती बोलत नाही म्हणून इतरांना कळत नाही. आमच्या घरात अकरा दिवस हेच चाललं होतं.

आता रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांचे खिसे मी तपासतो, नाड्यांना गाठी मारतो, जाळी झटकतो. गेल्या रविवारी स्वतःच्याच शर्टात मला पन्नासची नोट सापडली. सौ.ना दाखवली, तर त्यांनी ती काढून घेतली आणि म्हणाल्या, "सोड्याला लागतील."

असो. आज घरी गेल्यावर मशीनची धाग्यांची जाळी एकदा उघडून बघा. पुढच्या आठवड्यात भेटूच.