लाईट गेल्यावर शटर उघडेल का?



नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरची गंजगोलाई, दुकानाचे शटर पूर्वी लोखंडी आकडा लावून, खांद्याचा जोर देऊन वर ढकलावे लागे. आता पुष्कळ ठिकाणी बटण दाबले की ते आपोआप वर जाते. खाली पार्किंग आणि वर राहणे अशी घरेही वाढली आहेत, आणि त्यांच्या पार्किंगला मोटरचे शटर किंवा सरकते गेट बसवले जात आहे. सोय चांगली आहे. वयस्कर माणसाची कंबर वाचते, पावसात स्कूटरवरून उतरावे लागत नाही. या सोयीबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की लाईट गेल्यावर ते शटर उघडते का? आणि नाहीच उघडले, तर त्या वेळी घरात जे कोणी असेल, त्याला ते हाताने उघडता येते का?

रमजानची रात्र डोळ्यांसमोर आणा. पुरुष मंडळी तरावीहला गेली आहेत. घरात दादी, सून आणि दोन मुले आहेत. जिना पार्किंगमध्ये उतरतो आणि बाहेर पडायला शटरशिवाय दुसरी वाट नाही. अशा वेळी खाली चार्जिंगला लावलेल्या स्कूटरजवळ धूर दिसला, किंवा दादींना अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि त्याच वेळी वीज गेली, तर? ज्या लातूर जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे, त्याला घरातून तातडीने बाहेर पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

ही केवळ कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये वणवे पेटले. वीज गेली. गाडी गॅरेजमध्ये, गॅरेजचे दार मोटरचे आणि मोटर बंद, अशा अवस्थेत काही लोक, विशेषतः वृद्ध माणसे, अडकून पडली. त्यानंतर तिथे कायदा झाला. १ जुलै २०१९ पासून घराच्या गॅरेजसाठी विकल्या आणि बसवल्या जाणाऱ्या दार उघडण्याच्या नव्या यंत्राला बॅटरीची जोड सक्तीची झाली. कायदा योग्यच आहे. पण कायद्याने बॅटरी बसते, तिची काळजी घेतली जात नाही. भिंतीवर लावलेली बॅटरी तीन-चार वर्षांनी आतून संपलेली असते. रोज वीज असते, शटर उघडते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी तिची गरज लागते, त्याच दिवशी ती मेल्याचे कळते.

आधी हात, मग बॅटरी

म्हणून बॅटरीच्याही आधी हाताने उघडण्याची पद्धत शिकून घ्यावी. मोटर बाजूला असलेल्या शटरला बहुधा साखळी असते. ती ओढून शटर वर घेता येते. मोटर मध्यभागी असेल तर ब्रेक सोडण्यासाठी आतल्या बाजूने तार किंवा दांडी दिलेली असते. ती ओढली की शटर हाताने उचलता येते. सरकत्या गेटच्या मोटरला किल्ली लावून ती मोकळी करण्याची सोय असते. ती किल्ली अब्बांच्या कपाटात कुलुपात नको, आतल्या बाजूला शटरजवळ खिळ्याला टांगलेली हवी. एक सावधगिरी मात्र घ्यावी. सराव करताना शटर पूर्ण खाली असतानाच ब्रेक सोडावा. अर्धे वर असताना सोडला आणि स्प्रिंग कमजोर असेल, तर ते धाडकन खाली येऊ शकते.

हा सराव घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा स्वतःच्या हाताने करावा. सुनेने करावा, कॉलेजला जाणाऱ्या मुलीने करावा. बघणे वेगळे, करणे वेगळे. शटर इतके जड असेल की घरातल्या बाईला उचलतच नाही, तर मिस्त्रीला बोलावून स्प्रिंगचा ताण नीट करून घ्यावा.

बॅटरीची देखभाल

आपल्याकडे हे दार दोन तऱ्हेने चालते. गेटच्या मोटरला स्वतःची छोटी बंद बॅटरी असते, किंवा शटर घरच्या इन्व्हर्टरवर जोडलेले असते.

छोट्या बंद बॅटरीत पाणी घालायचे नसते आणि ती उघडायची नसते. ती बहुधा १२ व्होल्टची असते. २४ व्होल्टच्या मोटरला अशा दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. तिचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उष्णता. शिसे-आम्लाच्या बॅटरीबाबत जुना हिशेब असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोक्यात तो त्याहून अधिक असतो. पेटीवर चार वर्षे लिहिली असली तरी इथे तिसऱ्या उन्हाळ्यानंतर तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये.

तपासणी सोपी आहे. महिन्यातून एकदा मोटरचा मेन स्विच बंद करावा आणि बॅटरीवर शटर उघडून, बंद करून पाहावे. ते रखडत असेल, मध्येच थांबत असेल, तर बॅटरी बदलायची वेळ झाली. इलेक्ट्रिशियनकडे मीटर असेल तर चार्जिंग काढून काही तासांनी मोजावे. १२ व्होल्टची चांगली, पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.७ दाखवते. १२ च्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी आहे. रात्रभर चार्ज करूनही आकडा वर जात नसेल तर ती कामातून गेली समजावे.

नवी घेताना व्होल्ट आणि अँपिअर-अवर जुन्यावर लिहिलेलेच घ्यावेत. जोडी असेल तर दोन्ही एकदम बदलाव्यात. एक नवी, एक जुनी ठेवली तर जुनी नवीला लवकर खाते. बनावटीची तारीख पाहावी, कारण दुकानात महिनोन्‌महिने चार्ज न करता पडलेली बॅटरी नवी असूनही निम्मी संपलेली असते. बदलताना आधी मेन बंद करावा. मग काळी, म्हणजे निगेटिव्ह तार आधी काढावी, आणि बसवताना तीच शेवटी लावावी. हातातली अंगठी, घड्याळ, धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. पाना दोन्ही टोकांना एकदम लागला तर जबर ठिणगी उडते आणि हात भाजतो.

इन्व्हर्टर आणि पाण्याचा मोह

इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीला पाणी लागते आणि ते डिस्टिल्ड वॉटरच लागते. इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, १२ एप्रिलच्या पहाटे पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आल्यावर शहराने सुटकेचा श्वास घेतला, त्या मुलखात घरात आहे ते पाणी वापरण्याची सवय असणे स्वाभाविक आहे. पण बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि बॅटरीची ताकद कायमची घटते. उकळून गाळलेले पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, कारण उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत. आर.ओ.च्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. वर्षभरात लागणाऱ्या काही लिटर पाण्यासाठी हजारोंची बॅटरी पणाला लावू नये.

दर महिन्याला पातळी पाहावी. खूण खालच्या रेषेवर आली की वरच्या रेषेपर्यंत भरावे, त्याहून वर नाही. जास्त भरले तर चार्जिंगच्या वेळी आम्ल बाहेर येते. ॲसिड कधीही घालू नये. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. टोकांवर पांढरा-हिरवा गंज दिसला तर इन्व्हर्टर बंद करून, तारा काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या ब्रशने घासावा, कोरडे करावे आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी झाकणातून आत जाता कामा नये.

चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. म्हणून ती कोंदट जागेत, बंद कपाटात ठेवू नये. जुमेरातीला घरात ऊद-लोबान फिरवताना विस्तवाचे भांडे बॅटरीपाशी नेऊ नये. मशिदीच्या माईकसाठी इन्व्हर्टर असतो, तिथल्या मुतवल्ली साहेबांनीही हे पाहून घ्यावे.

रिमोटमधला छोटा सेल

रिमोट जवळ जाऊन दाबावा लागू लागला की आधी त्यातला सेल बदलून पाहावा. मिस्त्रीचे पैसे पुष्कळदा तिथेच वाचतात. पण नाण्यासारखा चपटा सेल लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून गंभीर भाजतो. तशी शंका जरी आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यावे. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवावा.

जुनी बॅटरी कुठे जाते?

आता सर्वांत महत्त्वाचे. जुनी बॅटरी भंगारात विकली की काम झाले असे आपण समजतो. तिच्यात शिसे आणि ॲसिड असते. ती गल्लीत फोडली, ॲसिड नालीत ओतले, शिसे उघड्यावर वितळवले, तर त्याची धूळ तिथेच खेळणाऱ्या मुलांच्या अंगात जाते. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, आणि त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे द्यावी. तो वजनावर पैसे वजा करतो. भंगारवाल्याकडून शंभर-दोनशे जास्त मिळत असतील, तर ते कशाचे जास्त मिळतात याचा विचार करावा.

हे आम्ही कोणाच्या रोजीवर बोट ठेवायला लिहीत नाही. गॅरेज, भंगार, बॅटरीची कामे यांवर आपल्यापैकी कित्येक घरे चालतात आणि ती कष्टाची, हलाल कमाई आहे. म्हणूनच सांगतो. बॅटरी अख्खीच पुढे द्या, फोडू नका. त्या कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नका. रस्त्यातली त्रासाची वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपण मुलांना शिकवतो. ती वस्तू आपल्याच हाताने रस्त्यात येऊ नये, हेही त्यातच आले.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबर (स.) यांनी आधी तो बांधायला सांगितले, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. तवक्कुल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. महिन्याचा पहिला जुमा यासाठी ठरवून टाका. नमाजहून आल्यावर जेवणाआधी मेन बंद करून शटर एकदा बॅटरीवर आणि एकदा हाताने उघडा, बॅटरीचे पाणी पाहा आणि कॅलेंडरवर खूण करा. पुढच्या महिन्यात हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या, म्हणजे इन्शाअल्लाह वर्षभरात ते सगळ्यांच्या हाताखालून जाईल.