‘सर, नक्की पाच?’

आमच्या वॉर्डात रुग्णांच्या नोंदी आता मोबाइलवर भरायच्या असतात. हातमोजे घातले की स्क्रीन बोट ओळखत नाही, कारण ती त्वचेच्या विद्युतवाहकतेवर चालते. म्हणून दर रुग्णामागे मोजे काढा, पुन्हा घाला. हा झाला त्रास, धोका वेगळाच. परवा रात्री एका बाळाच्या औषधाची मात्रा ०.५ मिलिग्रॅम लिहिताना बारीक कीबोर्डवर बिंदू उमटलाच नाही. ०५, म्हणजे पाच. दहापट! सिस्टरनी ‘सर, नक्की पाच?’ असे विचारले म्हणून निभावले. चूक माझीच. पण बाळाचे वजन त्याच फॉर्ममध्ये होते. एवढी मात्रा पाहून मोबाइलनेही विचारायला हवे होते. अशी साधने घेण्याआधी एक रात्र वॉर्डात वापरून तरी पाहावीत.